दुप्पट माल म्हणजे दुप्पट खर्च? आधी तक्ता मांडा!

या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर जो हिशोब मांडला, तो इथं सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. दुकान नवीन होतं. सोलापूरहून पोह्याचे 30 कट्टे आणले. टेम्पोचं भाडं 3,000 रुपये आणि हमाली कट्ट्याला 10 रुपये, म्हणजे एकूण 3,300. मी लगेच भागाकार केला, कट्ट्यामागं 110 रुपये वाहतूक. पुढच्या महिन्यात एका मेसवाल्यानं 10 कट्टे मागितले. मी ऐटीत सांगितलं, "मालाचा भाव अधिक कट्ट्याला 110 वाहतूक." त्या खेपेला दुसरा कुठलाच माल नव्हता. खर्च झाला 3,100, हातात आले 1,100. दोन हजार खिशातून गेले.

वडील गल्ल्यावर बसले होते. म्हणाले, "भागाकार बरोबर आहे रे, पण टेम्पोवाल्याला विचारलंस का?"

बीबीए करून आलेला मी गप्प बसलो. टेम्पो कट्टे मोजत नाही, अंतर मोजतो!

चूक त्रैराशिकाची नव्हती. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त त्रैराशिक मांडलंय, आजही आपण रोज गल्ल्यावर तेच करतो. पण ते फक्त समप्रमाण असलेल्या ठिकाणी चालतं. मी समप्रमाण आहे का हे न बघताच ते लावलं.

पहिली कसोटी : तक्ता

आपल्या मुरूम भागात सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, सोयाबीन. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये.

1 क्विंटल – 5,328 रुपये
5 क्विंटल – 26,640 रुपये
10 क्विंटल – 53,280 रुपये
20 क्विंटल – 1,06,560 रुपये

प्रत्येक ओळीत रुपयांना क्विंटलनं भागा. दरवेळी 5,328 च येतात. सगळ्या ओळींत भागाकार सारखा आला, तरच ते समप्रमाण. आठवीच्या गणितात यालाच समचलन म्हणतात.

आता माझा टेम्पो.

10 कट्टे – 3,100 रुपये – कट्ट्याला 310
20 कट्टे – 3,200 रुपये – कट्ट्याला 160
30 कट्टे – 3,300 रुपये – कट्ट्याला 110

भागाकार दर ओळीत बदलतोय. म्हणजे समप्रमाण नाही. मी फक्त शेवटची ओळ बघितली आणि तीच सगळीकडं लावली. लक्षात ठेवा, एका ओळीवरून प्रमाण कधीच कळत नाही. किमान तीन ओळी मांडा.

दुसरी कसोटी : आलेख

पोराच्या वहीतला चौकटीचा कागद घ्या. आडव्या रेषेवर नग, उभ्या रेषेवर रुपये. बिंदू टाका, पट्टी ठेवून जोडा आणि रेघ मागं शून्यापर्यंत ओढा.

सोयाबीनची रेघ सरळ शून्यातून जाते. शून्य क्विंटल, शून्य रुपये. टेम्पोची रेघही सरळच येते बरं का! इथंच भले भले फसतात. ती शून्यातून न जाता उभ्या रेषेला 3,000 वर जाऊन लागते. एकही कट्टा न भरता टेम्पो बोलावला, तरी 3,000 द्यावेच लागतात. म्हणून नुसती सरळ रेघ पुरत नाही, ती शून्यातून गेली पाहिजे.

आता तुमचं दुकान

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा मालावर विक्रीच्या 12 टक्के सुटतात. भाडं, लाइट, पोऱ्याचा पगार मिळून महिन्याला 9,000 रुपये ठरलेला खर्च.

विक्री 50,000 – सुटले 6,000 – तोटा 3,000
विक्री 75,000 – सुटले 9,000 – नफा शून्य
विक्री 1,00,000 – सुटले 12,000 – नफा 3,000
विक्री 2,00,000 – सुटले 24,000 – नफा 15,000

सुटलेले पैसे विक्रीच्या समप्रमाणात आहेत. नफा नाही! विक्री एक लाखावरून दोन लाख झाली, तर नफा पाचपट. पण उलटंही बघा. विक्री लाखावरून पाऊण लाखावर आली, म्हणजे फक्त पाव भाग घटली, आणि नफा अख्खा गेला.

आपल्याकडं पेरणीत लोकांचा पैसा रानात अडकलेला असतो, गल्ला थंड असतो. सोयाबीन विकलं की दिवाळीला दुकानं भरतात. दिवाळीच्या नफ्यावर हिशोब करून मोठा हप्ता बांधून घेतला, तर आषाढ-श्रावणात तो कुठून भरणार? हप्ता ठरवायचा तो थंड महिन्याची ओळ बघून.

तर गृहपाठ असा. मागच्या सहा महिन्यांची विक्री आणि नफा तक्त्यात लिहा, भागाकार करा, आलेख काढा. नफ्याची रेघ विक्रीच्या आडव्या रेषेला जिथं कापते, तो आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याच्या खाली महिना गेला, की आपण घरचे पैसे घालून दुकान चालवतोय.

आणि हो, भाव सांगण्याआधी टेम्पोवाल्याला विचारा!