होस्ट केलाय, दिसतोय का?

‘एज ऑफ एम्पायर्स टू : द एज ऑफ किंग्ज’ हा गेम ३० सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. खोक्यावर छापलेल्या अटी माफक होत्या. पेंटियम १६६, ३२ एमबी रॅम, हार्ड डिस्कवर २०० एमबी जागा. सीडी घालायची, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचं, की गेम चढला. एकट्यानं खेळणाऱ्याचं काम तिथंच संपायचं. चार जणांना एकमेकांविरुद्ध खेळायचं असलं की मात्र खरी संध्याकाळ तिथून सुरू व्हायची. एका खोलीतून कुणीतरी ओरडायचा, ‘होस्ट केलाय, दिसतोय का?’ आणि तीन खोल्यांतून तीन वेगवेगळी उत्तरं यायची.

या गेमवर आजवर भरपूर लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक डावपेचांवर. कितव्या मिनिटाला कासल एज गाठायचं, कुणाचे तिरंदाज भारी, वगैरे. दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसावेत म्हणून केलेल्या खटाटोपाची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. मला तर वाटतं, हा गेम पंचवीस वर्षं टिकला त्यात या खटाटोपाचा वाटा मोठा आहे.

खटाटोपाची सुरुवात अर्थात या गेमनं केली नव्हती. टेक्ससमधल्या इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ १० डिसेंबर १९९३ रोजी इंटरनेटवर फुकट चढवला गेला, आणि चौघांनी नेटवर्कवर एकमेकांना गोळ्या घालण्याची सोय त्यात होती. डॉसमधून वेगळा प्रोग्रॅम चालवायचा, किती जण खेळणार ते सांगायचं आणि बाकीच्यांची वाट बघत बसायचं. दोघंच असाल तर मागच्या सिरीअल पोर्टांना नल मोडेम केबल लावूनही भागायचं. पहिल्या आवृत्तीत एक गंमत होती. खेळातला प्रत्येक निरोप नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या मशिन्सना पाठवला जायचा, मग ती मशिन्स खेळत असोत वा नसोत. त्यामुळे चौघं खेळायचे आणि अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क आचके द्यायचं. काही कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी त्यावर थेट बंदीच घातली. पुढच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं.

त्या काळातलं नेटवर्क म्हणजे बऱ्याच ठिकाणी टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी एकच काळी केबल. ती एका मशिनकडून दुसऱ्याकडे जात राहायची, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टर्मिनेटर. मधला एक जोड जरी सैल झाला तरी सगळ्यांचंच नेटवर्क जायचं. नंतर हब आले, प्रत्येकाची केबल वेगळी झाली आणि दोष कुणाचा हे निदान कळायला लागलं.

‘एज ऑफ एम्पायर्स’ आपल्याकडे पसरला तो या हबच्या जमान्यात. पुण्या-मुंबईतली इंजिनिअरिंगची हॉस्टेलं आणि गल्लोगल्लीचे सायबर कॅफे ही त्याची दोन घरं. आमच्या हॉस्टेलात कॉलेजनं दिलेलं नेटवर्क नव्हतंच; वर्गणी काढून हब आणायचा आणि खिडक्यांमधून केबल ओढायच्या. क्रिम्पिंगचं टूल मजल्यावर एखाद्याकडेच असे आणि त्याचा भाव त्यामुळे वधारलेला असे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारांचा हा क्रम पाठ असलेली मुलं होती, ज्यांना परीक्षेतलं एक सूत्र धड आठवत नसे. हब नसेल आणि दोनच मशिन्स थेट जोडायची असतील तर एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल करून क्रॉस केबल करायची.

मग विंडोज ९८ची पाळी. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर फ्लॉपीवर, फ्लॉपी हरवलेली. तो अडथळा पार झाला की प्रोटोकॉल. आयपीएक्स सरळ होता, टाकला की बहुधा चालायचा, कारण त्यात पत्ते हातानं द्यावे लागत नसत. टीसीपी/आयपीला पत्ते लागायचे. कुणी १९२.१६८.०.५ घेई, कुणी काहीच देत नसे, आणि पत्ता वाटणारं कुणी सापडलं नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४नं सुरू होणारा पत्ता घेऊन मोकळं व्हायचं. हे दोघं शेजारच्या खुर्च्यांवर बसले तरी एकमेकांना दिसणार नाहीत. मग ‘पिंग मार’. काळ्या खिडकीत ‘रिप्लाय फ्रॉम’च्या चार ओळी आल्या की अर्धी लढाई जिंकली.

उरलेली अर्धी गेमच्या आत असायची. मल्टिप्लेयरमध्ये गेलं की मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टप्लेची यादी समोर येई : आयपीएक्स, टीसीपी/आयपी, मोडेम, सिरीअल. सगळ्यांनी एकच निवडायला हवं. एकानं होस्ट करायचं, बाकीच्यांनी शोधायचं. शोधूनही दिसला नाही तर शंभरातल्या नव्वद वेळा आवृत्तीचा घोळ. एकाकडे ‘द कॉन्करर्स’ हा २०००चा विस्तार, दुसऱ्याकडे नुसता ‘एज ऑफ किंग्ज’, तिसऱ्याकडे व्हिडिओ आणि संगीत कापून छोटी केलेली ‘रिप’, आणि १.०सीचा पॅच टाकलेला चौथाच. खरी सीडी मजल्यावर कुणाकडे होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. शेवटी ज्याचा चालतोय त्याचं फोल्डर सगळ्यांनी कॉपी करायचं, हा तोडगा प्रत्येक हॉस्टेलनं स्वतंत्रपणे शोधून काढला असणार.

आवृत्तीबाबत हा गेम इतका काटेकोर का, हे मला फार नंतर कळलं. ते कळलं आणि गेमबद्दलचा आदर एकदम वाढला. बनवणाऱ्या एन्सेम्बल स्टुडिओजमधल्या मार्क टेरानो आणि पॉल बेट्नर या दोघांनी २००१मध्ये आपलं नेटवर्कचं तंत्र एका निबंधात उघड केलं. त्याच्या नावातच पंधराशे तिरंदाज आणि २८.८चा मोडेम आहेत. त्यांचं गणित असं. पडद्यावरच्या प्रत्येक शिपायाची जागा, दिशा, जखमा असं सगळं तारेवरून पाठवायचं ठरवलं, तर तेवढ्या मोडेमवर जास्तीत जास्त अडीचशे हलणारे शिपाई निघतात. आणि इथे तर आठ खेळाडू. म्हणून त्यांनी शिपाई पाठवलेच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. ‘हे दहा घोडेस्वार तिकडे.’ प्रत्येक कॉम्प्युटर अख्खं युद्ध स्वतःच्या पोटात वेगळं चालवतो. सुरुवात सारखी, यादृच्छिक आकड्यांचं बीज सारखं, हुकूम सारखे, मग निकालही सारखाच लागला पाहिजे. हॉस्टेलमधल्या चार खोल्यांत एक युद्ध चालत नव्हतं, चार चालत होती, आणि ती तंतोतंत एकसारखी होती म्हणून एक वाटत होती.

यातून बऱ्याच जुन्या कोड्यांचा उलगडा होतो. नकाशासुद्धा तारेवरून येत नाही, प्रत्येक मशिन तो त्याच बीजातून स्वतः उगवतं. आवृत्तीत तसूभर फरक असला तर दोन युद्धं दोन दिशांना जाणार, म्हणून गेम दारातच अडवतो. अडवूनही कधी निसटलं तर ‘आउट ऑफ सिंक’ म्हणून डाव मोडतो. त्या निबंधातलं उदाहरण मला फार आवडतं. नकाशा तयार होताना एखादं हरीण किंचित वेगळ्या जागी उभं राहतं. ते चरायला जरा वेगळ्या वाटेनं जातं. काही मिनिटांनी शिकारीला निघालेल्या गावकऱ्याची वाट चुकते, भाला हुकतो, मटण घरी पोचत नाही आणि दोन राज्यांचा इतिहास कायमचा वेगळा होतो. चूक सापडायची ती अशी उलट्या पावलांनी शोधत.

हुकूम दिल्यावर तो लगेच अमलात येत नाही, हीही त्यातलीच गोष्ट. वेळेचे साधारण एक पंचमांश सेकंदाचे तुकडे करायचे आणि आत्ताचा हुकूम दोन तुकड्यांनंतर सगळीकडे एकदम चालवायचा, अशी ती रीत. खेळणाऱ्यांना पाव सेकंदाचा उशीर जाणवतही नाही असं त्यांना चाचण्यांत दिसलं. उशीर कधी कमी, कधी जास्त झाला तर मात्र चिडचिड होते. आणि सगळे एकमेकांसाठी थांबत असल्यानं सगळ्यांचा वेग सर्वांत मंद मशिनइतका. सायबर कॅफेत कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कुणी बसू नये म्हणून जी भांडणं व्हायची, ती शास्त्रशुद्ध होती म्हणायची! याचा तोटाही आहे. शत्रू कुठे आहे हे प्रत्येक मशिनला पूर्ण ठाऊक असतं, नकाशावरचा काळोख नुसता पडद्यावर ओढलेला. तो पडदा दूर करणारे चोरटे प्रोग्रॅम म्हणूनच इतक्या सहज निघाले.

एकमेकांच्या खोलीत न जाता खेळायचं तर इंटरनेट, आणि आपल्याकडे तेव्हा ते फोनच्या तारेवरून. गेममध्ये आकडा टाइप केला की तयार वाक्य ऐकू येई. त्यातलं १३ नंबरचं होतं ‘हो, घाल आता खापर इंटरनेटवाल्याच्या माथी’ अशा अर्थाचं. बनवणाऱ्यांना कल्पना होती तर! खेळाडू जमवायला मायक्रोसॉफ्टचा एमएसएन गेमिंग झोन होता. आमच्याकडच्या बहुतेकांनी तो पाहिलाही नाही, लॅनवरच भागलं. २००७ साली आयआयटी मुंबईनं हॉस्टेलच्या खोल्यांमधलं इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली, मुलं रात्रभर नेटवर आणि गेममध्ये असतात म्हणून. लॅनला इंटरनेट लागत नाही, हे तिथल्या मुलांना कुणी सांगायची गरज नसावी.

ब्रॉडबँड आलं तेव्हा वेगाचा प्रश्न सुटला, पण भिंत आली. घरातला राउटर बाहेरून आलेल्या कुणालाच आत घेईना. गेमला ४७६२४ आणि २३००पासून २४००पर्यंतचे पोर्ट लागतात, ते राउटरमध्ये शिरून उघडायचे. तो प्रकारच नको असेल तर हमाची हा प्रोग्रॅम, जो दूरदूरच्या मशिन्सना आपण एकाच लॅनवर आहोत असं भासवतं. पुण्यातला एक, बे एरियातला एक आणि सिडनीतला एक असे जुने हॉस्टेलवाले त्या खोट्या लॅनवर परत भेटू लागले. वेळ जुळवणं हेच काय ते अवघड.

मग मूळ आधार एकेक करून गेले. झोननं २००६मध्ये सीडीवरच्या गेम्ससाठी खेळाडू जमवणं थांबवलं. विंडोज व्हिस्टातून आयपीएक्स हद्दपार झाला. विंडोज ७वर गेम चालू केला की हिरवळ जांभळी-लाल दिसायची, आणि तोडगा म्हणजे टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद पाडायचा! जानेवारी २००९मध्ये एन्सेम्बल स्टुडिओजही बंद झाला. विंडोज ८पासून डायरेक्टप्ले आपोआप चालू नसतो, तो शोधून सुरू करावा लागतो. विंडोज १०नं तर जुन्या सीडींवरचं सेफडिस्क हे कुलूपच ओळखायचं नाकारलं, म्हणजे पैसे मोजून खरी सीडी घेतलेल्याचीच अडचण.

एवढं होऊनही गेम चालूच राहिला. कारण साधं आहे. डाव सुरू करायला कंपनीचा सर्व्हर कधी लागलाच नव्हता. झोन गेला तर लोक वूब्ली, गेमरेंजर अशा दुसऱ्या सेवांवर गेले. तेही गेले असते तर आयपी पत्ता टाइप करून खेळले असते. उलट उदाहरण बघा. गेमस्पाय ही सेवा मे २०१४अखेर बंद झाली, आणि तिच्या भरवशावर मल्टिप्लेयर चालवणारे कितीतरी गेम एका दिवसात मुके झाले. त्यातले काही चाहत्यांनी पुढे जिवंत केले, काही तसेच पडले.

सर्व्हरची गरज नसलेल्या गेममध्ये चाहत्यांना हात घालायलाही वाव होता. त्यांनी बनवलेला ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ हा २०१२चा मॉड. २०१३मध्ये गेमची एचडी आवृत्ती स्टीमवर आली आणि त्याच वर्षी हा मॉड तिचा अधिकृत विस्तार झाला. भारतीय संस्कृती या गेममध्ये पहिल्यांदा आली ती त्यातून. नोव्हेंबर २०१९मध्ये ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. तिच्यासाठी एप्रिल २०२२मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ निघाला, आणि एका ‘भारतीय’च्या जागी हिंदुस्थानी, द्रविड, बंगाली आणि गुर्जर असे चार झाले. राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. मराठे नाहीत, पण गेमचा काळ मध्ययुगाचा, तक्रारीला फारशी जागा नाही.

नव्या आवृत्तीत जोडाजोडी उरलेलीच नाही. बटण दाबा, तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळतो. आतलं तंत्र अजूनही तेच, हुकूम पाठवायचे आणि युद्ध प्रत्येकानं आपापलं चालवायचं. फक्त हुकूम आता कंपनीच्या सर्व्हरमार्फत फिरतात आणि मल्टिप्लेयरला एक्सबॉक्सचं खातं लागतं. सोयीबद्दल माझी तक्रार नाही. मुलाला भाच्याशी खेळवायला मीही तीच आवृत्ती वापरतो. पण उद्या ते सर्व्हर बंद झाले तर ही आवृत्ती मूळ आवृत्तीइतकी सहज वाचेल, असं मला वाटत नाही.

म्हणून ज्यांच्या कपाटात जुनी सीडी पडली आहे त्यांना विनंती, ती वाचता येतेय तोवर तिची आयएसओ प्रत करून ठेवा. सोबत १.०सी आणि चाहत्यांनी केलेला यूजरपॅच ठेवा. विंडोजच्या जुन्या घटकांच्या यादीत डायरेक्टप्लेवर खूण करा, फायरवॉलला गेमची ओळख करून द्या आणि सगळ्यांना एकाच वायफायवर घ्या. आजच्या लॅपटॉपांवरही आठ जणांचा डाव लागतो, कुणाचंही खातं न उघडता.