मालक नसलेला मुडदा

झोंबी म्हणजे काय, हे आज शाळकरी पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. मेलेला माणूस उठतो, पाय ओढत चालतो, जिवंतांचे लचके तोडतो आणि ज्याला चावेल तोही मरून तसाच उठतो. २०१३ मध्ये 'गो गोवा गॉन'मधून ही मंडळी गोव्यात उतरली. २०२२ मध्ये 'झोंबिवली' या मराठी चित्रपटातून ती थेट डोंबिवलीत आली. झोंबीला हे रूप देणारा माणूस होता जॉर्ज रोमेरो. त्याचा पहिला चित्रपट जगभर पाहिला गेला, पण त्या चित्रपटावर त्याचा हक्क मात्र राहिला नाही. असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे.

झोंबी हा शब्द जुना. हैतीतल्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे मांत्रिकाने उठवून गुलाम केलेले प्रेत. रोमेरोने हा मांत्रिकच काढून टाकला. त्याच्या चित्रपटातले मुडदे कुणाच्या हुकमाने उठत नाहीत. ते केवळ भुकेले असतात. गंमत म्हणजे त्या पहिल्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही.

रोमेरोचा जन्म १९४० चा, न्यूयॉर्कचा. शिक्षणासाठी तो पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात आला आणि तिथेच रमला. मित्रांबरोबर त्याने जाहिरातपट बनवणारी छोटी कंपनी काढली. हॉलिवूड तिथून हजारो मैल दूर. मोठा चित्रपट करायचा तर पैसा आणायचा कुठून? दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले आणि काम सुरू झाले. पुढे आणखी भागीदार मिळत गेले आणि खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरवर गेला. स्टुडिओच्या हिशेबात ही रक्कम अगदीच किरकोळ.

मग काटकसर आली. रंगीत फिल्म महाग, म्हणून कृष्णधवल. पाडायला काढलेले एक शेतघर मिळाले, तोच सेट. रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप. पैसे घालणारेच पडद्यावर नट म्हणूनही उभे राहिले. प्रमुख भूमिका ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याला मिळाली. त्या काळी अमेरिकेत ही गोष्ट साधी नव्हती. त्याचा नायक रात्रभर मुडद्यांशी झुंजून जगतो, आणि सकाळी मदतीला आलेले बंदूकधारी त्यालाच मुडदा समजून गोळी घालतात. वितरकांना हा शेवट नको होता. रोमेरोने तो बदलला नाही. वरून हुकूम देणारा कुणी नसल्यामुळेच हे त्याला शक्य झाले.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' प्रथम दाखवला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्यामुळे तो शेवट प्रेक्षकांना नुसता भयपटाचा शेवट वाटला नाही.

घात झाला तो एका पाटीमुळे. चित्रपटाचे आधीचे नाव होते 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. त्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची, म्हणजे कॉपीराइटची, ओळ होती. वितरक कंपनीने नाव बदलले, नवी पाटी केली आणि ती ओळ त्यात घालायची राहून गेली. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार कलाकृती निर्माण होताच हक्क लागू होतो, तशी सूचना छापावी लागत नाही. अमेरिकेत त्या वेळी तसे नव्हते. सूचनेशिवाय कलाकृती बाजारात आली की ती सार्वजनिक मालमत्ता ठरे.

परिणाम असा, की कुणीही उठावे, चित्रपटाची प्रत काढावी आणि विकावी. दूरचित्रवाणी केंद्रांनी तो दाखवला, व्हिडिओ कॅसेटवाल्यांनी विकला, आणि त्यातले फारच थोडे पैसे निर्मात्यांच्या हाती आले. पण फुकट असल्यामुळेच तो घरोघर पोचला, हेही खरे. मुडदे उठतात ही कल्पना तशीही कुणाच्या नावावर करता आली नसती, कारण स्वामित्वहक्क कल्पनेला नसतो, कृतीला असतो. परंतु रोमेरोची कृतीच गेली.

तो मात्र पिट्सबर्ग सोडून गेला नाही. जवळच्याच मनरोव्हिल मॉलमध्ये, दुकाने बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण करून त्याने 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) बनवला. मेल्यावरही सवयीने मॉलमध्ये घुटमळणारी माणसे, ही त्यातली टोचणी. पैशाला इटलीचा दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो याचा हातभार होता. पुढे 'डे ऑफ द डेड'च्या (१९८५) वेळी पैसेवाल्यांनी अट घातली : चित्रपट सौम्य करा, तर पूर्ण रक्कम मिळेल. रोमेरोने सुमारे निम्म्या पैशांत आपल्याला हवा तसा चित्रपट करणे पत्करले आणि मोठी पटकथा कापून लहान केली. स्वातंत्र्याचा भाव असा दर वेळी नव्याने ठरत होता. मोठ्या स्टुडिओसाठीही त्याने काम केले, पण त्याच्या नावाशी जोडले गेले ते हेच चित्रपट. १९९९ मध्ये पहिला चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. २०१७ मध्ये टोरांटो येथे रोमेरोचे निधन झाले.

त्यानंतरची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७३ मध्ये एका धर्मादाय संस्थेने वृद्धांच्या हेळसांडीवर त्याच्याकडून 'द अम्यूझमेंट पार्क' हा छोटा चित्रपट करून घेतला होता. त्याने तो असा भीतिदायक केला, की संस्थेने तो फारसा दाखवलाच नाही. जुन्या प्रतीवरून तो दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उजेडात आला आणि २०२१ मध्ये सर्वांना पाहता आला. त्याचा मालक ठरलेला होता, म्हणून तो चार दशकांहून अधिक काळ डब्यात पडून राहिला. आणि ज्याला मालकच उरला नव्हता, तो डोंबिवलीपर्यंत चालत आला.