जादूचा जमाखर्च

राजाच्या पदरी जादूगार असेल, तर तो मंत्राने सोनं पाडून खजिना का भरत नाही? राज्य चालवण्याच्या काल्पनिक खेळांत हा प्रश्न हमखास येतो. टीएसआर कंपनीच्या ‘बर्थराइट’ या खेळाने (१९९५) त्याला फार सुरेख उत्तर दिलं. इथे राज्यकारभाराची एक फेरी तीन महिन्यांची. प्रत्येक प्रांताला दोन आकडे : वस्ती आणि जादू. वस्ती वाढली की महसूल वाढतो, पण जमिनीतली जादू आटते. राजा आणि जादूगार यांचं वैर असं नियमांतूनच उभं राहतं.

नुसतं सोनं वाढवूनही भागत नाही. मालीचा सम्राट मन्सा मूसा १३२४मध्ये कैरोत आला, त्याने सढळ हाताने सोनं वाटलं आणि तिथला सोन्याचा भावच पडला. त्यामुळे राज्य चालवण्याचा असा खेळ रचणार असाल, तर जादूची किंमत कोण मोजणार हे आधी ठरवा.