दिवाळीची सुटी आणि लहानांचे सांघिक खेळ

पावसाळा सरतो, शरदाचे ऊन पडू लागते आणि सहामाही परीक्षेनंतर शाळांना दिवाळीची सुटी लागते. गावात हे दिवस सुगीचे असतात. खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी एकाच सुमारास येते. मोठी माणसे पहाटेच शेतावर जातात आणि चार ते सात वर्षांची मुले थोरल्या भावंडांच्या हवाली होतात. भावंडे आपल्या खेळात रमली की धाकटी मुले विहीर, ओढा वा रस्ता यांच्याकडे वळण्याचा धोका असतो. गावाने ठरविले तर हेच दिवस त्यांच्या वाढीचे ठरू शकतील.

लहान मुलाचे शिक्षण त्याच्या अंगणातच सुरू होते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्यात त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे, ही त्यामागची दृष्टी होती. पाने, बिया, शंखशिंपले हीच तेथील साधने होती.

‘लिंबूटिंबू’ला डाव हवा

मोठ्यांच्या खेळात धाकट्या मुलास ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. तो धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. यात माया असली तरी त्याला खरा डाव मिळत नाही. आट्यापाट्यांचे डावपेच या वयाला झेपत नाहीत. जो चुकला तो बाद, या नियमाने तर सर्वांत दुबळे मूल सर्वांत आधी बाहेर बसते. वास्तविक सरावाची गरज त्यालाच अधिक असते. म्हणून निवड करताना एकच कसोटी लावावी : शेवटपर्यंत प्रत्येक मूल खेळात राहते काय?

‘मामाचे पत्र हरवले’ हा खेळ या कसोटीस उतरतो. मुले गोल बसतात. एक मूल रुमाल घेऊन मागून धावते आणि कोणाच्या तरी पाठीशी तो टाकते. ज्याच्या मागे रुमाल पडला, त्याने उठून पाठलाग करावयाचा. पहिल्याने रिकामी जागा गाठली की राज्य दुसऱ्यावर येते. ‘तळ्यात-मळ्यात’मध्ये रेघेच्या दोन बाजूंना हुकमाप्रमाणे उडी मारावयाची असते. येथे चुकलेल्यास बाद न करता हुकूम देण्याचे काम द्यावे. लगोरी सात ठिकऱ्यांऐवजी तीनच ठिकऱ्यांची ठेवावी आणि चेंडू चिंध्यांचा असावा.

मातीचा किल्ला

दिवाळीतील किल्ला हा तर अनेक दिवस चालणारा सांघिक उपक्रम होय. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल एवढ्यावर तो उभा राहतो. मोठ्यांनी तटबंदी रचावी. माती कालवणे, खडे वेचणे आणि उतारावर अळीव वा मोहरी पेरणे ही कामे धाकट्यांकडे द्यावीत. थोड्याच दिवसांत कोंब फुटतात. रोज पाणी शिंपडणारे मूल निरीक्षण आणि जबाबदारी दोन्ही शिकते.

ग्रामपंचायतीचे साहाय्य

याला वेगळा निधी लागत नाही. शाळेचे पटांगण काटेकुटे काढून साफ करावे, पिण्याचे पाणी ठेवावे आणि ऊन तापण्यापूर्वी सकाळी तासभर मुलांना एकत्र आणावे. दहा-बारा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी. शिक्षकांनी सुटीपूर्वीच वरच्या वर्गातील मुलांना हे खेळ शिकवून ठेवावेत. फटाके मात्र या जागेपासून दूरच असावेत.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क मानला असून भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. बीडसारख्या जिल्ह्यांत या हक्काला वेगळा अर्थ आहे. तेथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि लहान मुलेही त्यांच्याबरोबर जातात. त्या मुलांना गावच्या सोबत्यांबरोबर खेळण्यास पुढे कित्येक महिने मिळत नाहीत. निदान त्यांच्यासाठी तरी प्रत्येक गावाने या सुटीत एक पटांगण मोकळे ठेवावे.