विश्व किती वेगाने पसरतंय? उत्तराचा एक धागा हिंगोलीतून जाणार आहे

विश्व पसरतंय, हे आता शाळेच्या पुस्तकातही असतं. पण मुलं पुढचा प्रश्न विचारतात तेव्हा घरातली मोठी माणसं अडकतात: हे मोजलं कुणी, आणि कशाने? आकाशाला टेप तर लावता येत नाही. कांजूरमार्गच्या दिव्यांच्या उजेडात चाँद सोडला तर मोजके तारेच दिसतात. म्हणून ही मोजणी कशी होते, त्यात आज कोणता पेच आहे आणि आपल्या महाराष्ट्राचा त्यात काय वाटा आहे, ते साध्या भाषेत पाहू.

पसरणं म्हणजे काय?

खमीर घातलेल्या मैद्याच्या गोळ्यात मनुके टाकलेत असं समजा. गोळा फुगून दुप्पट रुंद झाला की एक इंचावरचा मनुका दोन इंचांवर जातो, आणि दोन इंचांवरचा चार इंचांवर. म्हणजे जो जास्त लांब, तो तेवढ्याच वेळात जास्त सरकला. मनुके स्वतः चालले नाहीत, मधला मैदा वाढला. कुठल्याही मनुक्यावर बसून पाहिलं तरी बाकीचे सगळे आपल्यापासूनच लांब चाललेत असं वाटेल. विश्वात मनुक्यांच्या जागी दीर्घिका आहेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह. मनुका स्वतः फुगत नाही, तसं आपलं घर, पृथ्वी किंवा सूर्यमाला पसरत नाही. गुरुत्वाकर्षण आणि अणूंची बांधणी त्यांना धरून ठेवते.

वेग कसा कळतो?

कांजूरमार्ग स्टेशनातून न थांबता जाणारी मेल गाडी आठवा. येताना हॉर्न चिरका वाटतो, पुढे गेली की लगेच जाडसर. लांब जाणाऱ्या गाडीच्या आवाजाच्या लहरी ताणल्या जातात. लांबच्या दीर्घिकेच्या प्रकाशाचंही असंच काहीसं होतं. मधली जागाच वाढत असल्याने वाटेत प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात आणि तांबड्या बाजूला सरकतात. किती सरकल्या, यावरून वेग काढतात.

याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. माळशेज घाट ओलांडून नारायणगावला गेलं की जवळच खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. हायड्रोजन वायू २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. जीएमआरटीने एका दूरच्या दीर्घिकेतून आलेली हीच लहर पकडली, तेव्हा ती ताणून सुमारे ४८ सेंटीमीटर झाली होती. ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाली होती. हे संशोधन जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं.

अंतर कसं कळतं?

खरी मेहनत इथे आहे. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातल्या एका छोट्या ढगाची नोंद केली होती. हा ढग किती लांब आहे, हे पुढे जवळपास हजार वर्षं कुणाला सांगता आलं नाही. १९२३ मध्ये एडविन हबल यांना त्यातच एक ठराविक काळाने उजळणारा आणि मंदावणारा तारा सापडला. असा तारा जितका सावकाश लुकलुकतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो, हे हेन्रिएटा लेविट यांनी आधीच दाखवलं होतं. मूळ तेज माहीत असलं आणि तारा किती मंद दिसतो ते मोजलं, की अंतर निघतं. तो ढग म्हणजे एक स्वतंत्र दीर्घिकाच निघाली.

त्याहून लांब हे तारे दिसेनासे होतात. तिथे एका विशिष्ट प्रकारचे स्फोट होणारे तारे वापरतात. जवळच्या पायरीवरून लांबची पायरी तपासायची, अशी ही शिडी आहे. एक पायरी सैल असली की वरचं सगळं हलतं. १९२९ मध्ये हबल यांनी अंतर आणि वेगाचा संबंध दाखवला. लमेत्र यांनी १९२७ मध्येच तो मांडला होता. पण हबल यांचा आकडा सुमारे ५०० होता. तो खरा मानला तर विश्व पृथ्वीपेक्षाही लहान वयाचं ठरत होतं! शिडी दुरुस्त होत गेली तसा आकडा खाली आला.

आजचा पेच

आज या शिडीने सुमारे ७३ हा आकडा येतो. अर्थ असा, की दर मेगापार्सेक अंतरामागे (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) वेग सेकंदाला ७३ किलोमीटरने वाढतो. दुसरी पद्धत वेगळी आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतला मंद प्रकाश आजही सगळीकडून येतो. प्लँक उपग्रहाने तो मोजला, आणि त्यावरून हिशेब केला तर ६७.४ येतात.

फरक छोटा वाटतो. पण दोन्ही बाजूंनी चुकीची शक्यता जेवढी सांगितली आहे, त्यापेक्षा तो बराच मोठा आहे. म्हणजे एकतर कुठल्या तरी मोजणीत ढील आहे, नाहीतर विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत काहीतरी सुटलंय. व्हॉट्सअॅपवर यावरून 'विश्व पसरतच नाही' असे मेसेज फिरतात, त्यात तथ्य नाही. पसरतंय यावर दोन्ही आकडे एकमत आहेत. कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोटाच्या सिद्धांतावर आयुष्यभर प्रश्न विचारले, पण विश्व पसरतंय हे त्यांच्याही सिद्धांतात होतंच.

तिसरा मार्ग: भोंगा

वादात दोघं अडले की तिसऱ्याला विचारतात. रमजानमध्ये इफ्तारचा भोंगा ऐकून, तो मुळात किती मोठा वाजतो हे ठाऊक असेल, तर आपण किती लांब आहोत याचा अंदाज बांधता येतो. दोन अतिघन तारे एकमेकांभोवती फिरत धडकतात तेव्हा गुरुत्वीय लहरी निघतात. त्यांचा सूर किती झपाट्याने चढतो, यावरून त्या मुळात किती जोरदार होत्या ते कळतं. पृथ्वीवर त्या किती क्षीण पोहोचल्या हे मोजलं की थेट अंतर मिळतं. शिडी लागतच नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी असं पहिल्यांदा जमलं. अंतर सुमारे ४३ मेगापार्सेक निघालं. दुर्बिणींनी ती दीर्घिका शोधली, तिचा पसरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३००० किलोमीटर होता. ३००० ला ४३ ने भागा: जवळपास ७०. पण एकाच घटनेवरून काढलेला हा आकडा ६२ ते ८२ यांमध्ये कुठेही असू शकत होता, म्हणून पेच सुटला नाही. असे बरेच भोंगे ऐकायला हवेत, आणि ते कुठून आले हे नेमकं कळायला हवं.

इथे हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ येतं. तिथे 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी करायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील, आणि लेझरने त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी फरक टिपला जाईल. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून ती खूप दूर असल्याने आवाजाची दिशा जास्त नेमकी कळेल. दोन कान लांब-लांब असले की हाक कुठून आली ते समजतं, तसंच.

ही वेधशाळा चालवायला फक्त खगोलशास्त्रज्ञ पुरणार नाहीत. लेझर, निर्वात यंत्रणा, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी मुलं-मुली लागतील. आज आठवी-नववीत असलेले त्या वेळी नोकरीच्या वयात असतील. मुलांना हे जवळून दाखवायचं असेल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. तारीख आधी तपासून घ्या आणि मुलींनाही सोबत न्या.