अक्षरांत वाटलेली राजधानी

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे अकोला–वाशिम मार्गावरचे गाव प्रशासनाच्या ज्या उतरंडीत बसते, ती ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र सारखीच आहे: तलाठ्याचा साझा, अनेक साझे मिळून महसूल मंडळ, मंडळांचा तालुका, त्यावर जिल्हा आणि जिल्ह्यांच्या समूहावर महसूल विभाग, म्हणजे येथे अमरावती. अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वाशिम वेगळा झाला तेव्हा मेडशीसाठी जिल्ह्याचे ठिकाण बदलले, पण उतरंड बदलली नाही. राज्याच्या राजधानीत मात्र ही उतरंड जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण मुंबईचा दैनंदिन कारभार जिल्ह्यावर नव्हे, तर महानगरपालिकेने इंग्रजी अक्षरे देऊन पाडलेल्या प्रशासकीय विभागांवर, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘वॉर्डां’वर, उभा आहे.

जिल्हे मुंबईतही आहेत, आणि तेही दोन. बेटावरचे जुने शहर हा मुंबई शहर जिल्हा, आणि माहीम–शीव खाडीपलीकडचा भाग हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झालेला मुंबई उपनगर जिल्हा. उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे तीन तालुके असून तहसीलदारही आहेत, तर शहर जिल्ह्याला तालुकेच नाहीत. राज्यात ३६ जिल्हे असताना जिल्हा परिषदा ३४ असण्याचे कारणही हेच, की या दोन्ही जिल्ह्यांत ग्रामीण क्षेत्र उरलेले नसल्यामुळे तेथे जिल्हा परिषद नाही. शासकीय जमिनींचे व्यवस्थापन, निवडणुकांची व्यवस्था, विविध दाखले अशी कामे जिल्हाधिकारी पाहतात. रस्ता, पाणी, कचरा, गटार आणि बांधकाम परवाना यांच्याशी मात्र त्यांचा संबंध फारसा येत नाही.

तो संबंध ज्या विभागांशी येतो, त्यांची अक्षरे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचत गेल्यास शहराच्या वाढीचा इतिहासच क्रमाने समोर येतो. कुलाबा आणि फोर्टचा ‘ए’, डोंगरी–मांडवीचा ‘बी’, काळबादेवी–भुलेश्वरचा ‘सी’, गिरगाव–मलबार हिलचा ‘डी’, भायखळा–माझगावचा ‘ई’ आणि त्यापुढील ‘एफ’ व ‘जी’ या सात अक्षरांत बेटावरचे शहर संपते. १९५० मध्ये नजीकची उपनगरे आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा विस्तारित भाग पालिकेच्या हद्दीत आला. त्या टापूला ‘एच’पासून पुढची अक्षरे मिळाली, ती पश्चिमेकडे वांद्र्याच्या ‘एच’पासून बोरिवली–दहिसरच्या ‘आर’पर्यंत आणि पूर्वेकडे कुर्ल्याच्या ‘एल’पासून मुलुंडच्या ‘टी’पर्यंत पोहोचली. या मालिकेत ‘आय’, ‘जे’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे नाहीत. वस्ती दाटत गेली तसे नवे अक्षर न शोधता जुन्याच अक्षराला दिशा जोडण्याचा मार्ग पालिकेने धरला, आणि त्यातून परळ–लालबागचा ‘एफ दक्षिण’ व माटुंगा–शीवचा ‘एफ उत्तर’, अंधेरीचे ‘के पूर्व’ व ‘के पश्चिम’, चेंबूरचा ‘एम पश्चिम’ व गोवंडी–मानखुर्दचा ‘एम पूर्व’ असे जोड विभाग तयार झाले. बोरिवलीकडे दोन तुकडे पुरले नाहीत म्हणून ‘आर मध्य’ही आला. अशा रीतीने दीर्घकाळ टिकलेली २४ विभागांची रचना घडली, आणि फार मोठ्या झालेल्या विभागांची पुन्हा वाटणी करण्याचे काम अलीकडे सुरू झाले आहे.

प्रत्येक विभागाचा प्रमुख सहाय्यक आयुक्त असतो, ज्याला मुंबईकर आजही ‘वॉर्ड ऑफिसर’ म्हणतात. घनकचरा, रस्ते व गटारांचे परिरक्षण, इमारती व कारखाने, जलकामे, मालमत्ता कराची आकारणी, दुकानांचे अनुज्ञापन, उद्याने, आरोग्य आणि कीटकनाशक अशी खाती विभाग कार्यालयात एकत्र नांदतात; अनेक विभाग मिळून एक परिमंडळ होते, अशी सात परिमंडळे आहेत आणि त्यांवर उपायुक्त असतात. परिमंडळाचे नाव सामान्य माणसाच्या कानावर क्वचितच येते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्ताच्या हाती दिले असून, सहाय्यक आयुक्ताकडे जे अधिकार असतात ते वरून सोपवलेले असतात, ही या रचनेतील कळीची गोष्ट होय.

या अधिकाऱ्याच्या हाताखाली लोकसंख्या किती, हे पाहिले म्हणजे रचनेचा असमतोल उघड होतो. २०११ च्या जनगणनेनुसार ‘बी’ विभागात सव्वा लाखाच्या आसपास माणसे होती, तर मालाडच्या तेव्हाच्या ‘पी उत्तर’ विभागात नऊ लाखांहून अधिक. त्याच जनगणनेत सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरवर पसरलेल्या संपूर्ण वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. जिल्ह्याच्या तोडीच्या या विभागाला जिल्हाधिकारी नाही, जिल्हा परिषद नाही, अध्यक्षही नाही. काही हजार वस्तीच्या मेडशीला निवडून आलेला सरपंच असतो. मालाडला स्वतःचा असा निर्वाचित प्रमुख नाही. नगरसेवक निवडले जातात ते २२७ प्रभागांतून, आणि प्रभाग ही मतदानाची हद्द असल्याने एका विभागात अनेक प्रभाग येतात. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितलेल्या प्रभाग समित्या या नगरसेवकांना एकत्र आणतात खऱ्या, परंतु त्या मर्यादित खर्चाच्या कामांना मंजुरी देण्यापलीकडे फारशा जात नाहीत.

असे असणे अटळ नव्हे. पॅरिसची १८६० पासून २० अरोंदिसमांमध्ये विभागणी आहे आणि १९८२ च्या कायद्यानुसार त्या प्रत्येकाला स्वतःची परिषद व महापौर मिळाला. लंडनमध्ये १९६५ पासून ३२ बरो आहेत आणि प्रत्येकाची परिषद लोकनियुक्त आहे. मुंबईने नकाशा वाटला, कामे वाटली, सत्ता मात्र वाटली नाही.

तरीही विभाग ही निव्वळ नकाशावरची रेघ नाही, याचा पुरावा २०२० च्या करोना साथीत मिळाला. रुग्णांना खाटा देण्याचे काम एका मध्यवर्ती कक्षाकडून काढून विभागनिहाय ‘वॉर रूम’कडे सोपवले गेले, कारण कोणत्या गल्लीत रुग्णवाहिका शिरते आणि कोणत्या चाळीत विलगीकरण अशक्य आहे, हे विभाग कार्यालयालाच ठाऊक होते, धारावीतील साथ आटोक्यात आणण्याचे कामही ‘जी उत्तर’ विभागाच्या दादर येथील कार्यालयातून चालले.

विदर्भातून मुंबईत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी जिल्हा आणि विभाग या दोन व्यवस्थांमधील सीमारेषा नीट ध्यानात ठेवावी. अंधेरीच्या रुग्णालयात जन्मलेल्या बालकाची नोंद आईवडील राहतात त्या विभागात नव्हे, तर रुग्णालय ज्या विभागाच्या हद्दीत येते तेथे होते. आणि त्याच बालकाला पुढे जातीचा दाखला लागला, तर ज्याचे पूर्वज मेडशीचे, त्याला सर्वसाधारणपणे वाशिम जिल्ह्यातील उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.