विश्लेषण : रिमोटच्या ट्रकमध्ये डिफरन्शियल ऑइल कोणते भरावे? दाट की पातळ, हे कसे ठरते?

वळणावर रिमोट कंट्रोल ट्रकचे आतले चाक उचलले जाते, हवेत गरागरा फिरते आणि ट्रक मात्र रेंगाळतो. मोटर कमी पडते असे समजून अनेक हौशी चालक आणखी ताकदीची मोटर बसवतात. मग तेच चाक आणखी जोरात फिरते आणि एखाद्या उडीनंतर गिअरचे दात तुटतात. दोष अनेकदा मोटरचा नसतो. तो डिफरन्शियलमध्ये भरलेल्या चमचा-दीड चमचा ऑइलचा असतो. हे ऑइल नेमके काय करते, बाटलीवरचे आकडे काय सांगतात आणि निवड कशी करायची, याविषयी…

डिफरन्शियलचे काम काय?

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमध्ये ३५ सेंटीमीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचे चाक सुमारे २.२ मीटर जास्त चालते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर त्यातले एक घासत जाणार. डिफरन्शियलमधले छोटे गिअर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. मोठ्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये जी रचना असते, तीच इथे मुठीत मावेल एवढी असते.

या सोयीला एक किंमत आहे. मोकळे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक हवेत गेले की त्याला फिरायला जोर लागतच नाही. त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. सगळी ताकद अधांतरी फिरणाऱ्या चाकात वाया जाते.

मग ऑइल काय करते?

रिमोटच्या ट्रकमध्ये हे ऑइल केवळ वंगण म्हणून नसते, ते अडथळा म्हणूनही काम करते. दाट ऑइलमध्ये बुडालेल्या गिअरना एकमेकांच्या तुलनेत वेगाने फिरणे जड जाते. त्यामुळे एक चाक सुटून पळू लागले तर ऑइल त्याला धरून ठेवते आणि काही जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ऑइल जितके दाट, तितकी दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली. जितके पातळ, तितकी ती मोकळी.

यासाठी सिलिकॉन ऑइल वापरतात, कारण तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका झपाट्याने बदलत नाही. शिवाय ते अगदी पातळ ते जवळजवळ डिंकासारखे, अशा कितीतरी प्रकारांत तयार करता येते. पोटातल्या गॅसवर दिल्या जाणाऱ्या सिमेथिकोन या औषधातही याच जातीचे सिलिकॉन असते. मोटारीच्या गिअरबॉक्सचे ९० नंबरचे ऑइल इथे चालत नाही. ४० अंश तापमानाला त्याचा दाटपणा साधारण दोनशे सेंटिस्टोक्सच्या घरात असतो. इथे गरज हजारांत असते.

बाटलीवरचे आकडे कसे वाचायचे?

दाटपणा सेंटिस्टोक्स या एककात मोजतात. साध्या पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिस्टोक असतो. डिफरन्शियलचे ऑइल साधारण १,००० पासून सुरू होते आणि १ लाख, ५ लाखांपर्यंत जाते. बाटलीवर ‘१० के’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ १०,००० आणि ‘५०० के’ म्हणजे ५ लाख.

नवख्यांचा गोंधळ होतो तो ‘वेट’ या शब्दाने. शॉकअपच्या ऑइलवर ३० वेट, ४० वेट असे लिहिलेले असते. त्यांचा दाटपणा काही शे सेंटिस्टोक्स इतकाच असतो. काही कंपन्या डिफरन्शियलच्या बाटलीवरही ‘वेट’ छापतात, पण तिथे आकडा हजारांत असतो. शॉकअपचे ऑइल चुकून डिफरन्शियलमध्ये गेले तर ते जवळपास रिकामेच असल्यासारखे वागते.

तीन डिफरन्शियल, तीन कामे कोणती?

१:८ मापाच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये बहुधा तीन डिफरन्शियल असतात : पुढे, मध्ये आणि मागे. तिन्हींमध्ये एकच ऑइल भरणे ही सर्रास होणारी चूक आहे.

मधले डिफरन्शियल पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटते. जोरात ॲक्सिलरेटर दिला की ट्रकचा भार मागे जातो आणि पुढची चाके हलकी होतात. मधले ऑइल फार पातळ असेल तर ताकद याच हलक्या चाकांकडे पळते. पुढचे टायर फुग्यासारखे फुगतात आणि ट्रक पुढे जात नाही. दाट ऑइल भरले की चारही चाके एकत्र खेचतात. मात्र ते अति दाट झाले आणि मोटर ताकदीची असेल, तर ट्रक मागच्या चाकांवर उभा राहून उलटू शकतो. खडबडीत जमिनीवर तो सांभाळणेही अवघड होते.

पुढच्या डिफरन्शियलचा संबंध स्टिअरिंगशी. तिथे पातळ ऑइल असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर ट्रक वळणात सहज शिरतो. फार पातळ केले तर स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही. दाट ऑइलने ट्रक वळणात शिरताना स्थिर राहतो आणि बाहेर पडताना पुढची चाके त्याला ओढून काढतात.

मागच्या डिफरन्शियलमध्ये पातळ ऑइल असेल तर वळणावर मागची पकड वाढते. दाट ऑइलने एकाच चाकाचे फिरणे कमी होते. मात्र वळणावर मागचा भाग घसरायची शक्यता वाढते. म्हणूनच बहुतेक ट्रकमध्ये मागचे ऑइल तिघांत सर्वांत पातळ असते.

सुरुवात कोणत्या आकड्यांनी करावी?

पहिला आधार म्हणजे ट्रकचे मॅन्युअल. ते हाताशी नसेल तर शर्यतीच्या १:८ बग्गींमध्ये रुळलेले ‘७-७-३’ हे सूत्र कामी येते. पुढे ७,०००, मध्ये ७,००० आणि मागे ३,०००. ट्रक बग्गीपेक्षा जड असतो, त्याचे टायरही मोठे असतात. त्यामुळे तिन्ही ठिकाणी एक पायरी दाट ऑइल घेतात. इलेक्ट्रिक मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, म्हणून तिच्या ट्रकमध्ये मधले ऑइल इंजिनच्या ट्रकपेक्षा दाट ठेवण्याची पद्धत आहे.

वापर बदलला की आकडेही बदलतात. शर्यत न लावता मोकळ्या मैदानात उड्या मारणाऱ्या मॉन्स्टर ट्रकच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये १ लाख किंवा त्याहून दाट ऑइलही भरले जाते. दगडांवर हळूहळू चढणाऱ्या क्रॉलर ट्रकमध्ये तर दोन्ही चाके पूर्ण बांधलेलीच हवी असतात, त्यामुळे तिथे डिफरन्शियल लॉक केलेले असते. याउलट, सिमेंटसारख्या चांगल्या पकडीच्या जागी अति दाट ऑइल असेल, तर चाके घासत वळतात आणि तो ताण गिअर व ड्राइव्ह शाफ्टवर येतो.

उन्हाचा फरक पडतो का?

पडतो. बाटलीवरचा आकडा २५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. सिलिकॉन ऑइलही तापले की पातळ होते, फक्त इतर तेलांपेक्षा हळू. ४० अंशांना ७,००० चे ऑइल सुमारे ५,००० सारखे वागते. ६० अंशांना त्याचा दाटपणा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे जानेवारीत बेताचा वाटणारा ट्रक मे महिन्याच्या विदर्भातल्या दुपारी वेगळाच वागला, तर तो बिघाड असेलच असे नाही. उन्हाळ्यात एक पायरी दाट ऑइल भरण्यामागे हेच कारण आहे.

हवा तो आकडा मिळाला नाही तर?

एकाच कंपनीची दोन सिलिकॉन ऑइल मिसळता येतात, पण हिशेब साध्या सरासरीचा नाही. १,००० आणि १०,००० ची ऑइल निम्मी-निम्मी मिसळली तर ५,५०० मिळत नाही, सुमारे ३,२०० मिळते. पातळ ऑइलचा प्रभाव जास्त पडतो. ५,००० आणि १०,००० चे मिश्रण ७,००० च्या आसपास येते. त्यामुळे जवळचे दोन आकडे मिसळणे सोपे, लांबचे मिसळणे फसवे.

भरताना कुठे चुकते?

जुने ऑइल पूर्ण काढून, गिअर ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवावे लागतात. जुने ऑइल आत राहिले तर नव्या बाटलीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. निघालेले ऑइल करडे किंवा काळपट असेल तर त्यात धातूचा चुरा आहे, म्हणजे गिअर तपासायला हवेत. ओ-रिंग आणि गॅस्केट खराब झाले असतील तर त्याच वेळी बदलणे स्वस्त पडते.

ऑइल काठोकाठ भरायचे नसते. आतले गिअर जेमतेम बुडतील एवढे पुरते. तापल्यावर ते फुगते आणि जागा नसेल तर सीलमधून बाहेर येते. दाट ऑइलमधले हवेचे बुडबुडे वर यायला वेळ लागतो, तोवर झाकण लावू नये. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. क्राउन गिअर आणि पिनियन हे या डबीच्या बाहेर असतात. त्यांना ऑइल नव्हे, ग्रीस लागते.

योग्य ऑइल सापडले, हे कसे ओळखायचे?

एका वेळी एकच डिफरन्शियल बदलायचे आणि त्याच ट्रॅकवर, त्याच टायरवर ट्रक चालवून पाहायचा. तिन्ही एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. वळणात शिरत नसेल तर पुढचे पातळ करावे. ॲक्सिलरेटर दिल्यावर पुढचे टायर फुगत असतील तर मधले दाट करावे. वळणावर मागचा भाग सुटत असेल तर मागचे पातळ करावे. टायरच जमिनीला साजेसे नसतील तर मात्र कोणतेही ऑइल ती उणीव भरून काढत नाही.

ऑइल भरल्या दिवशी ट्रक उचलून एक चाक हाताने फिरवून पाहावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरते आणि ऑइलचा जडपणा बोटांना जाणवतो. काही आठवड्यांनी तेच चाक सहज फिरू लागले तर ऑइल गळाले किंवा खराब झाले आहे. तारीख आणि तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी नवी मोटर मागवण्याआधी तेच पान उघडून पाहता येते.